आमची पपई गेली ती शहरं

आमच्याकडे कुणी 'सुरतला चाललो' म्हटलं, की ऐकणारा आधी विचारतो, कोण आजारी आहे? नाशिक म्हटलं की पोराची ॲडमिशन असणार. धुळं म्हटलं की काहीतरी सरकारी काम अडलं असणार. शहराला नुसतं बघायलाही जायचं असतं, हे म्हसावदच्या आमच्या गल्लीत एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि त्या माणसाशी माझं लग्न झालं होतं.

आता लोक मला विचारतात. कुणाच्या पोरीचं नवं लग्न झालेलं असतं, कुणी नोकरीतून मोकळं झालेलं असतं, आणि ते येऊन ओट्यावर बसतात. काकू, कुठे जावं? मी सांगते. पण सांगताना दर वेळी वाटतं की ही जागा माझी नाही. हा प्रश्न यांना विचारायचा होता.

यांची पपईची शेती. आमच्या भागातली पपई नंदुरबारात किंवा शहाद्यात थोडीच खपते. ती जाते उत्तरेला. थंडी सुरू झाली की बागेत तोड लागायची. बाया फळ पुसायच्या, माणसं एकेक फळ जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून ट्रकमध्ये थर लावायची आणि संध्याकाळपर्यंत ट्रक खेतियाच्या रस्त्याने निघून जायचा. हे बांधावर उभे राहून तो दिसेनासा होईपर्यंत बघत असायचे. जयपूर, आग्रा, लखनौ, दिल्ली. आमची पपई कुठे कुठे जाऊन आली, आणि आम्ही मात्र तापीकाठच्या प्रकाशा गावच्या यात्रेपलीकडे गेलो नव्हतो.

जयपूरच्या फळबाजारात एक व्यापारी होते. आम्ही त्यांना शेठजीच म्हणायचो. यांची आणि त्यांची ओळख फोनवरचीच. सुरुवातीला बोलणं मालापुरतं व्हायचं. मग एकदा यांनी सहज विचारलं, की शेठजी, आमचा ट्रक तुमच्या शहरात कुठून शिरतो? शेठजींनी सांगितलं. यांनी पुढचं विचारलं, की त्या वेशीच्या आत काय आहे? तिथून जे सुरू झालं ते थांबलं नाही. तोडीचा हंगाम संपला तरी फोन चालू राहिले. हे संध्याकाळी हातपाय धुऊन खाटेवर बसायचे आणि फोन लावायचे. मी चुलीपाशी भाकरी थापत असायची, तिथून मला यांचं हिंदी ऐकू यायचं. निम्मं अहिराणीच असायचं त्यात. "वो दरवाजा कैसा शे, शेठजी? मतलब कितना ऊंचा?"

शेठजी कधी लगेच सांगायचे, कधी म्हणायचे, दोन-चार दिवसांनी बोलतो. आणि खरंच दोन-चार दिवसांनी फोन यायचा आणि ते तपशीलवार सांगायचे. हे ऐकताना डोळे मिटून घ्यायचे. जेवताना मग मला सगळं पुन्हा सांगायचे. जुनं शहर कसं सरळ आखलेलं आहे. रस्त्याला रस्ता कसा काटकोनात मिळतो. "आपण सरी पाडतो ना, तसं शहर पाडलंय त्यांनी," असं म्हणायचे. लाखेच्या बांगड्यांची गल्ली वेगळी, दागिन्यांचा बाजार वेगळा. सकाळच्या आरतीला देवळात एवढी गर्दी होते, की दर्शन झाल्यावर माणूस आपोआप बाहेर ढकलला जातो. तिथे रस्त्यावर गाड्यांवर पपई कापून, काळं मीठ आणि लिंबू लावून विकतात आणि सकाळी कामाला जाणारी माणसं उभ्याउभ्या खातात, हे तर यांनी मला कितीदा सांगितलं असेल.

ट्रकवाले आले की त्यांनाही सोडायचे नाहीत. चहा पाजायचे आणि लखनौ काढून घ्यायचे, आग्रा काढून घ्यायचे. एका ड्रायव्हरने सांगितलं होतं, की आग्र्याला ताजमहाल समोरून बघू नका, नदीच्या पलीकडून बघा, तिकडे गर्दी नसते. तेव्हापासून आग्र्याला जाणाऱ्या प्रत्येकाला हे नदीपलीकडे पाठवायचे.

हळूहळू गावात झालं असं, की कुणाला कुठे जायचं असलं की तो आधी आमच्याकडे यायचा. यांना सगळे भाऊ म्हणायचे. भाऊ, राजस्थानकडे चाललो, काय बघू? हे चपला काढून, मांडी घालून बसायचे आणि बोटाने ओट्यावर रस्ते काढायचे. इथून आत शिरा. इथे डावीकडे कचोरीचं दुकान. हवामहल समोरून बघून परत फिरू नका, मागे जा, आत जाता येतं. पाहुणा परत आला की हे त्याच्या घरी जाऊन विचारायचे, सगळं पाहिलं का? आणि तो हो म्हणाला की यांचा चेहरा असा व्हायचा, की जणू हेच जाऊन आले.

एका लग्नात आमच्याच नात्यातल्या एकाने चारचौघांत यांना टोमणा मारला. म्हणाला, भाऊ, तुम्ही सगळ्यांना गावोगाव पाठवता, तुमची गाडी कधी निघणार? लोक हसले. हेही हसले. मला मात्र जेवण गेलं नाही. घरी येताना मी म्हटलं, आता जाऊच आपण. ते म्हणाले, "जाऊत व. तोड संपू दे."

तोड कधीच वेळेवर संपत नसे. एका वर्षी बागेवर रोग आला आणि पानं आकसली, तेव्हा बाग उपटून नवी लावायची धावपळ झाली. एका वर्षी मुलाची बारावी होती. असं करत करत मुलगा शिकून शेतीत आला आणि एका फाल्गुनात त्यानेच आमची तिकिटं काढली. नंदुरबारहून सुरत, आणि संध्याकाळी सुरतहून जयपूर. सासूबाई तेव्हा हिंडत्या फिरत्या होत्या. थोरल्या जाऊबाई शेजारच्याच घरात राहायच्या, त्या म्हणाल्या, मी आहे, तुम्ही बिनघोर जा.

सुरतला आम्ही सकाळी उतरलो. संध्याकाळच्या गाडीपर्यंत दिवस मोकळा होता. मला स्टेशनवर बसून राहायला चाललं असतं, पण हे म्हणाले, शहर सोडून स्टेशन काय बघायचं? रिक्षा करून आम्ही तापीच्या पुलावर गेलो. हे कठड्याला टेकून उभे राहिले. प्रकाशाला आम्ही जिथे अंघोळ करतो तीच तापी ही, पण ओळखू येत नव्हती. रुंद, संथ, मळकट, आणि दोन्ही काठांना उंच इमारती. यांनी कठड्यावरून वाकून खाली पाहिलं. मग म्हणाले, "आपल्याकडून ही रोज इकडे येते. आपणच आलो नाही."

तिथून आम्ही जुन्या बाजारात हिंडलो. एका दुकानासमोर उभं राहून वाफवलेल्या डाळीचा लोचो खाल्ला, वरून शेव आणि कच्चा कांदा. मला तो जरा ओलसर वाटला, यांनी दोन प्लेट खाल्ल्या. साड्यांच्या दुकानातल्या मुलाशी यांनी गप्पा मारल्या, त्याला त्याचं गाव विचारलं. तो ओडिशाचा निघाला. मग हे त्याच्या गावाविषयी विचारत बसले. मी बाहेर बाकावर बसून बघत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण यांना घरापासून लांब, हातात काही काम नसताना, मी पहिल्यांदाच बघत होते. वेगळेच दिसत होते. वयाने लहान दिसत होते.

दुपारी मुलाचा फोन आला. सासूबाई न्हाणीत घसरून पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं, शहाद्याला नेत होते. यांनी फोन ठेवला, मला सांगितलं आणि लगेच रिक्षा शोधायला लागले. परतीच्या गाडीत बसल्यावर शेठजींना कळवलं. त्यांच्याकडे आमच्यासाठी स्वयंपाकाची तयारी सुरू झाली होती, असं मला नंतर कळलं.

सासूबाई पुन्हा उठून चालल्या नाहीत. काही वर्षं त्यांनी अंथरुणातच काढली. त्यांचं सगळं आम्ही दोघी जावांनी केलं. यांनीही खूप केलं. आईला रोज उचलून बाहेर उन्हात बसवायचं काम त्यांचंच होतं. जयपूरचा विषय घरात निघेनासा झाला. फोन मात्र चालू होते. आणि सुरतेच्या त्या अर्ध्या दिवसाविषयी हे लोकांना असं सांगायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं, महिनाभर राहून आले. सुरत म्हटलं की लोकांना दवाखाना आठवायचा. हे म्हणायचे, अहो, सुरत बघायला जा. पुलावर उभे राहा. मी कधी त्यांना थांबवलं नाही.

सासूबाई गेल्या, वर्षश्राद्ध झालं. आम्ही पुन्हा ठरवलं, की येत्या थंडीत जायचं. पण त्या पावसाळ्यात एका सकाळी हे बागेत गेले ते परत आले नाहीत म्हणून मुलगा बघायला गेला, तर सरीत पडलेले. लकवा झाला होता. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. शहाद्याच्या डॉक्टरांनी नंदुरबारला पाठवलं, नंदुरबारहून सुरतला नेलं. सुरतेत गाडी शिरली तेव्हा मी यांच्या उशाशी बसले होते. खिडकीतून तोच पूल दिसला असावा, पण मी तिकडे बघितलं नाही. यांना तर आडवं झोपवलेलं होतं. त्यांना फक्त गाडीचं छत दिसत होतं.

जीव वाचला. घरी आणलं. हळूहळू डाव्या हाताने घास घेता यायला लागला, आधार देऊन बसता यायला लागलं. शब्द मात्र फुटत नव्हता. घशातून एक आवाज निघायचा, त्याचा अर्थ मला लागायचा, बाकी कुणाला लागायचा नाही. पूर्वी ओट्यावर माणसं जमायची. आधी ती भेटायला आली, नंतर येईनाशी झाली. त्यांना मी दोष देत नाही. बोलणाऱ्या माणसासमोर गप्प बसता येतं, गप्प माणसासमोर काय बोलावं ते सुचत नाही.

शेठजींना सुचलं. मुलाने त्यांना सगळं कळवलं होतं. एका दुपारी त्यांचा फोन आला. मला म्हणाले, "भाभीजी, फोन उनके कान पे लगा दो बस। जवाब की जरूरत नहीं है।"

मी फोन यांच्या कानाला लावला. शेठजी बोलत राहिले. काय बोलत होते ते मलाही ऐकू येत होतं. आज सकाळी मी चांदपोलच्या बाजूने गेलो होतो. थंडी पडायला लागली आहे, तीळगुळाची गजक विकणाऱ्यांनी दुकानं लावली आहेत. एका गल्लीत जुन्या घराचा दरवाजा नव्याने रंगवत होते, त्याच्यावर हत्ती काढलाय, पण सोंड जरा आखूड झाली आहे. असं ते अर्धा तास बोलले असतील. यांनी डोळे मिटले होते. मला वाटलं झोपले. फोन बाजूला केला तर डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि पुन्हा कानाकडे नेलं.

मग हे नेहमीचंच झालं. जेवणं उरकली की दुपारी फोन यायचा. संक्रांतीच्या दिवशी तर शेठजी गच्चीवरून बोलत होते. सगळं शहर गच्चीवर चढलंय, म्हणाले, आणि मग बोलायचं थांबून त्यांनी फोन नुसता वर धरला. पतंग कापला गेल्यावरची आरडाओरड, कुठेतरी लावलेली गाणी, वारा, हे सगळं आमच्या म्हसावदच्या खोलीत आलं. यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि चेहऱ्याची जी बाजू हलत होती ती हसत होती.

त्या फोनवर शेवटी शेठजींनी नेहमीप्रमाणे विचारलं, की भाईसाहब, कब आ रहे हो? ते असं दर वेळी विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता फोन ठेवायचे. त्या दिवशी यांनी घशातून आवाज काढला. पुन्हा काढला. मग डावा हात उचलून बोट माझ्याकडे केलं. मला कळलं ते काय म्हणत होते ते. मी शेठजींना काहीच सांगितलं नाही. यांना म्हटलं, तुम्ही बरे झालात की दोघं जाऊ. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून, आणि बोट तसंच माझ्याकडे ठेवलं.

पुढच्या श्रावणात हे गेले. झोपेतच गेले. त्रास झाला नाही, असं सगळे म्हणाले, मीही म्हटलं.

वर्ष संपल्यावर जाऊबाईंनी विषय काढला. मी त्यांना बाई म्हणते. त्या माझ्यापेक्षा थोरल्या, शाळा पाहिलेली नाही, आणि घराबाहेर पडायच्या त्या शेताला किंवा माहेरी रनाळ्याला. त्या म्हणाल्या, "चाल व, आपुन दोन्ही जाऊत. त्यासनी बोट कोनाकडे करेल व्हतं, मी देखेल शे." त्या वेळी त्या दारात उभ्या होत्या, हे मला माहीतच नव्हतं.

मुलाने तिकिटं काढली. थंडीचे दिवस होते. सुरतला आम्ही स्टेशनवरच थांबलो. मला पुलावर जाववलं नाही.

जयपूरला उतरलो तर शेठजी फलाटावर उभे होते. आवाज ऐकून मी मनात एक गलेलठ्ठ, पगडीवाला माणूस उभा केला होता. समोर होते ते बारीक, चष्मेवाले, स्वेटरवर मफलर गुंडाळलेले गृहस्थ. त्यांनी हात जोडले, मी हात जोडले. बाईंनी विचारलं, घर कितलं दूर शे? शेठजींना ते समजलं नाही, पण त्यांनी पिशव्या उचलल्या.

त्यांच्या घरी त्यांच्या पत्नीने आम्हाला माहेरवाशिणीसारखं ठेवलं. दुसऱ्या दिवशी शेठजी आम्हाला शहर दाखवायला घेऊन निघाले. जुन्या शहराच्या वेशीतून आत शिरलो आणि मी थांबले. रस्ता खरंच सरळ होता. पार शेवटपर्यंत नजर जात होती, आणि दोन्ही बाजूंना एका उंचीची दुकानं. सरी पाडल्यासारखं शहर. हे शब्द माझ्या कानात यांच्याच आवाजात आले. रंग मात्र यांनी सांगितला तसा नव्हता. हे सांगायचे, पिकलेली पपई कापल्यावर आतून दिसते तसा गुलाबी. तो होता गेरूचा रंग, भिंतीला लावतात तसा, जागोजाग उडालेला. मला उगीच वाईट वाटलं. यांनी तो रंग चुकीचा बघितला, असं नाही वाटलं. खऱ्या भिंतींनाच यांच्याएवढं जमलं नाही, असं वाटलं.

हवामहलाच्या मागच्या बाजूने आम्ही आत गेलो. चढ चढताना बाईंचे गुडघे दुखायला लागले म्हणून आम्ही एका खिडकीशी बसलो. खालचा रस्ता छोट्या छोट्या भोकांतून दिसत होता. मी शेठजींना म्हटलं, की तुमचं शहर तुम्ही आमच्या घरात आणून ठेवलं होतं. तुम्हाला ते किती माहीत आहे, याचं मला फार नवल वाटायचं.

ते हसले नाहीत. चष्मा काढून मफलरने पुसला. मग म्हणाले, "भाभीजी, मुझे कुछ नहीं मालूम था। घर से मंडी, मंडी से घर, यही किया सारी उमर। भाईसाहब पूछते थे तो मुझे जाके देखना पड़ता था।"

हवामहलाच्या मागे काय आहे, हे यांनी विचारलं तेव्हा शेठजींना ते सांगता आलं नव्हतं. याच शहरात जन्मलेला माणूस, पण आत कधी आलाच नव्हता. मग सुट्टीच्या दिवशी पत्नीला घेऊन ते इथे आले आणि दोन दिवसांनी यांना फोन केला. त्यानंतर प्रत्येक प्रश्नासाठी ते असेच बाहेर पडत राहिले. दरवाजा किती उंच, आरतीला किती गर्दी, बांगड्या कशा करतात. त्यांची पत्नी पुढे मला म्हणाली, की आमच्या लग्नानंतर हे मला कुठे घेऊन गेले असतील तर ते तुमच्या यजमानांमुळे. यांच्या लकव्यानंतर तर शेठजी रोज सकाळी बाजारात जायच्या आधी एखाद्या गल्लीतून चक्कर मारायचे, दुपारी सांगायला काहीतरी हवं म्हणून.

मी विचारलं, आता जाता का? शेठजी म्हणाले, "अब कोई पूछता नहीं।"

तिथे खिडकीशी बसून मी रडले. यांना घरून शेवटचं नेलं त्या दिवशी रडले होते त्यापेक्षा जास्त. बाई माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. शेठजी उठून दुसऱ्या खिडकीकडे गेले.

खाली उतरल्यावर रस्त्यावर एक फळांची गाडी लागली. पपईच्या फोडी, वर काळं मीठ, लिंबू. माणसं उभ्याउभ्या खात होती. बाईंनी गाडीवाल्याला सांगितलं, "ओ भाऊ, हाई पपई आमना गावनी शे." तो आमच्याकडे बघत राहिला. शेठजींनी त्याला हिंदीत समजावलं, तेव्हा त्याने द्रोण भरून आमच्यापुढे केला आणि पैसे घेईना. बाईंनी आवडीने खाल्ली. मी एक फोड उचलली, तोंडाशी नेली, आणि द्रोणात परत ठेवली.

आम्ही चार-पाच दिवस राहिलो. सगळं पाहिलं. निघताना शेठजींच्या पत्नीने आम्हा दोघींच्या हातात लाखेच्या बांगड्या भरल्या. मी नको म्हणत होते, विधवेला कशाला. ती म्हणाली, तुमच्या यजमानांमुळे हे शहर मी फिरले, त्यांना दाखवायचं मात्र राहून गेलं, आता तुम्ही नाही म्हणू नका. गाडी सुटताना शेठजी फलाटावरून आमच्या खिडकीबरोबर थोडं चालत आले. नंतर त्यांचे फोन येत राहिले, सणावाराला, पूर्वीसारखे नाही. त्यांचा मुलगा आता बाजार बघतो.

नंदुरबारला उतरून एसटीने शहाद्याला, तिथून घरी आले. मुलाने विचारलं, कशी झाली सहल? मी म्हटलं, चांगली झाली. सुनेने चहा दिला. मी हातपाय धुऊन आत गेले आणि खाटेसमोर उभी राहिले. सांगायला इतकं होतं माझ्याकडे. कचोरीचं दुकान डावीकडे नाही, उजवीकडे आहे. दरवाजा किती उंच आहे ते. शेठजी कसे दिसतात ते. त्या सगळ्या गोष्टी घेऊन मी तिथे उभी राहिले, आणि मग स्वयंपाकघरात गेले.

त्यानंतर बाई आणि मी बऱ्हाणपूर पाहिलं, बडोदं पाहिलं. आता बाईंचे गुडघे साथ देत नाहीत, त्यामुळे थांबलोय. लोक विचारायला येतात, त्यांना मी खरं ते सांगते. बऱ्हाणपूरला जा, जवळ आहे, माणसं निवांत आहेत, जिलेबी खाल्ल्याशिवाय येऊ नका आणि जमिनीखालच्या जुन्या कालव्यांचं पाणी बघायचं तर उन्हं वर यायच्या आत जा. बडोद्याला चालत फिरा, झाडं खूप आहेत. सुरत बघण्यासारखं आहे. दवाखान्याचं काम नसतानाही एकदा जाऊन या. जयपूरला थंडीत जा, संक्रांतीला मिळालं तर फारच छान.

गेल्या महिन्यात शेजारच्या आळीतले एक म्हातारे गृहस्थ आले होते. नातवाला सुट्टीत कुठेतरी न्यायचं होतं. मी त्यांना जयपूरचं सगळं सांगितलं, गाडी कोणती, कुठे उतरायचं, काय बघायचं. ते ऐकून घेत होते. पूर्वी यांच्याकडेही ते यायचे, तासन्‌तास बसायचे, आणि कुठेच जायचे नाहीत. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी काठी जवळ ओढली. मग म्हणाले, "तू बराबर सांगी ऱ्हायनी, माय. पन भाऊ सांगेत ना, ते आठे बठीसनच जाई उना सारखं वाटे."

मी म्हटलं, हो, इथेच बसून जाऊन आल्यासारखं. आणि त्यांना चहा करायला आत गेले.